क्रूझ निवडताना जहाजाआधी धक्का बघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीचे वेध लागले की गोव्यातल्या दैनिकांच्या पर्यटन पानांवर नॉर्वे, बाल्टिक आणि अलास्काच्या क्रूझच्या जाहिराती दिसू लागतात, आणि शेजारी त्याच सुरातले लेखही. जहाज किती मजली, उपाहारगृहे किती, पाण्याच्या घसरगुंड्या किती, हे सगळे त्यांत असते. जहाज कोणत्या धक्क्याला लागते, तिथे चाकांची खुर्ची उतरते का, घरातल्या कोणाला कोणता व्हिसा लागेल, हे मात्र नसते. तीन-चार पिढ्यांचे, सोळाएक माणसांचे कुटुंब घेऊन निघणाऱ्याला नेमके हेच आधी कळायला हवे, म्हणून हे पत्र.

एक मुलगा लंडनला, मुलगी टोरोंटोला, भाऊ दुबईत आणि आईवडील फोंड्याला किंवा म्हापशाला, अशी घरे गोव्यात वाड्यावाड्यावर आहेत. चवथीला सगळ्यांची रजा जुळत नाही. मग आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन किंवा आईवडिलांच्या लग्नाची पन्नास वर्षे हे निमित्त धरून सगळ्यांनी जहाजावरच भेटायचे, हा बेत उत्तम आहे. राहणे, जेवण, गप्पांची जागा एकाच ठिकाणी मिळते, सामान एकदाच उघडावे लागते आणि घरातल्या कोणा बाईला चार दिवस चुलीपाशी उभे राहावे लागत नाही. तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, या गोव्यात जहाजावरच्या कामाची माहिती घरोघरी आहे. प्रवासी म्हणून काय बघून तिकीट काढावे, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

पहिला प्रश्न रात्रींचा. वयस्क माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर ३ ते ५ रात्री पुरेत. अशा वेळी अलास्काचा मोह सोडावा. व्हँकूव्हर किंवा सिएटलहून केचिकान, जुनो, स्कॅगवे करून परत यायला साधारण ७ रात्री लागतात. अंतरच तेवढे आहे. एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबरअखेर तिथल्या ज्या ३-४ रात्रींच्या फेऱ्या स्वस्तात दिसतात, त्या बहुतेक किनाऱ्यालगतच्या असतात, हिमनदीपर्यंत जात नाहीत. शिवाय १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरांमधून प्रवासी नेताना वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. म्हणून सिएटलहून सुटणारे जहाज कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबते, आणि भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. हा दुसरा व्हिसा लोकांच्या लक्षात येतो तो पैसे भरून झाल्यावर.

दुसरा प्रश्न नकाशाचा. माहितीपत्रकात 'बर्लिन' लिहिलेले असते, जहाज लागते ते वार्नेम्युंडेला, आणि तिथून बर्लिन दोनशेहून अधिक किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, तेही सुमारे २०० किलोमीटर. 'लंडन' म्हणजे साउदॅम्प्टन. 'स्टॉकहोम' म्हणजे कित्येकदा न्यूनेसहाम, शहरापासून साठेक किलोमीटरवर. पाच-सहा तास बसमध्ये बसून दोन तासांचे शहर बघायला ऐंशीतली माणसे नेऊ नयेत. बंदराचे खरे नाव विचारा, आणि धक्क्यापासून गावात चालत किती वेळ लागतो तेही विचारा. या कसोटीवर नॉर्वेतली बर्गन आणि स्टाव्हांगर पहिल्या नंबरात येतात, कारण तिथे जहाजातून उतरलात की गावातच असता. कोपनहेगनला मात्र लाँगलिनीचा धक्का की शहराबाहेरचा ओशनकाय, हे आधी बघावे लागते. साउदॅम्प्टनला क्रूझची टर्मिनल पाच आहेत. टॅक्सीवाल्याला नुसते 'पोर्ट' सांगून भागत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: जहाज धक्क्याला लागते की समुद्रात नांगर टाकून छोट्या टेंडर बोटींनी माणसे उतरवते? टेंडरमध्ये चढताना हलत्या फळीवरून हलत्या बोटीत पाऊल टाकायचे असते. खलाशी दोन्ही बाजूंनी धरतात, पण गुडघ्यांनी साथ दिली पाहिजे. पाणी जरा उसळले की चाकांच्या खुर्चीला नकार मिळतो, आणि वारा वाढला तर कॅप्टन ते बंदरच रद्द करतो. तसे झाले तर साधारणपणे फक्त बंदर शुल्क परत मिळते. इंग्लिश खाडीतल्या ग्वेर्नसी बेटाच्या सेंट पीटर पोर्टला टेंडर आहे. नॉर्वेतल्या गायरांगरला तरंगता धक्का आहे, पण तो एका वेळी एकाच मोठ्या जहाजाला पुरतो. आपल्या तारखेला तो आपल्या जहाजाला आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. चार रात्रींत दोन बंदरे असतील आणि त्यांतले एक टेंडरचे असेल, तर निम्मी सहल हवामानाच्या हाती गेली असे समजावे.

धक्का असला तरी भरती-ओहोटी विसरू नये. आपल्या मांडवीत पाणी सुमारे २ मीटर चढते-उतरते. कॅनडाच्या सेंट जॉन बंदरात हाच फरक ८ मीटरच्या आसपास जातो. सकाळी सपाट असलेला गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायची फळी, दुपारी घाटासारखा उभा होतो, आणि सकाळी सहज उतरलेल्या आजींना परत चढवताना दोघांना हात द्यावा लागतो. उलट बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. म्हातारी माणसे बरोबर असताना या एका कारणासाठी आम्ही बाल्टिकला झुकते माप देतो.

त्यातही आमची पहिली शिफारस स्टॉकहोम–हेलसिंकी–स्टॉकहोम या दोन रात्रींच्या फेरीची. दुपारी उशिरा निघून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हेलसिंकी, दिवस तिथे, संध्याकाळी परत. जाण्यायेण्याचे एकत्र 'क्रूझ' तिकीट घेतले तर केबिन तीच राहते, सामान जहाजातच राहते. निघाल्यावर पहिले काही तास जहाज हजारो बेटांच्या आडोशातून शांत पाण्यात चालते, आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्याने तो देखावा जेवणानंतरही दिसतो. धक्के दोन्हीकडे शहरात आहेत. याच्या आधी दोन रात्री स्टॉकहोममध्ये हॉटेलात काढाव्यात, म्हणजे साडेतीन तासांचा वेळेचा फरक अंगवळणी पडतो आणि मुंबई किंवा आखातातून येणारे विमान चुकले तरी जहाज चुकत नाही. जहाज कोणासाठी थांबत नाही, मग सोळा माणसे मागे राहिलेली असोत.

या फेरीतही चुका ठरलेल्या आहेत. जहाजे ऑलंड बेटांच्या मारीहामला थांबतात ती करमुक्त विक्रीचा हक्क टिकावा म्हणून, आणि स्वस्त दारूमुळे शुक्रवार-शनिवारी रात्री तरुणांचा गोंगाट असतो. रविवार ते गुरुवारमधली रात्र घ्यावी. जूनमधला मिडसमर या सणाचा शुक्रवार-शनिवार तर पूर्ण टाळावा. दोन्ही शहरे बंद असतात. बुफेच्या जेवणाच्या पाळ्या असतात. सोळा जणांची जागा तिकिटाबरोबरच आरक्षित केली नाही तर कुटुंब चार टेबलांवर विखुरते. फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे असते, तेव्हा परतीच्या जहाजाची वेळ हेलसिंकीच्या घड्याळाने धरावी. मोठ्या क्रूझसारखे सामान केबिनपर्यंत आणून देत नाहीत, स्वतः ओढावे लागते, म्हणून माणशी एकच छोटी बॅग. हेलसिंकीचा सुओमेनलिन्ना किल्ला जागतिक वारशात आहे आणि बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे, पण तिथले दगडी रस्ते चाकांच्या खुर्चीला त्रासाचे. आजी-आजोबांना धक्क्याजवळच्या बाजार चौकात बसवावे, बाकीच्यांनी किल्ला बघून यावे.

नॉर्वेच हवे असेल आणि वडीलधारी माणसे पायांनी धड असतील, तर बर्गन ते ट्रॉम्सो ही किनारी टपाल-जहाजाची एका बाजूची ४ रात्रींची वाट घ्यावी. ही सेवा १८९३ पासून चालू आहे; बर्गन ते किर्केनेस ३४ बंदरे, आणि तिकीट कोणत्याही दोन बंदरांमधले काढता येते. चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडते, आणि २० मे ते २२ जुलैच्या सुमारास ट्रॉम्सोला सूर्य मावळत नाही. परत यायला विमान. मात्र हे कामाचे जहाज आहे. काही बंदरांत पाव तास थांबते, मध्यरात्रीही माल चढतो-उतरतो, मोठे करमणुकीचे कार्यक्रम नाहीत, मुलांसाठी फार काही नाही. स्टाडच्या भूशिराजवळ आणि बोडो ते लोफोटेनच्या मध्ये उघडा समुद्र लागतो, तिथे पोट ढवळते. पाच-सहा वर्षांची मुले असतील तर त्यापेक्षा जर्मनीतल्या कीलहून कील–ओस्लो–कील ही फेरी बरी. दुपारी दोनला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ओस्लो, दुपारी दोनला परत. आत पोहण्याचा झाकलेला तलाव आहे. ओस्लो मात्र जेमतेम चार तास मिळते.

साउदॅम्प्टनच्या ३-४ रात्रींच्या फेऱ्या निम्म्याहून अधिक कुटुंब इंग्लंडमध्ये असेल तरच परवडतात, आणि न्यूयॉर्क-बॉस्टनहून सेंट जॉन-हॅलिफॅक्सच्या अमेरिका-कॅनडावाल्यांना. कील-हॅम्बर्गच्या काही स्वस्त फेऱ्यांत जहाजावरची भाषा जर्मनच असते, घोषणांपासून मेनूपर्यंत. त्या आजीच्या कामाच्या नाहीत.

तारखेचा गुंता सगळ्यांत जास्त. गोव्याची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा. इंग्लंडच्या शाळांना मेच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी असते. गोवा आणि इंग्लंड जुळवायला हाच आठवडा. तेव्हा नॉर्वेत बर्फ वितळत असल्याने धबधबे भरलेले असतात आणि जुलैची गर्दीही नसते. थंडी मात्र असते, डेकवर वाऱ्यात लोकरीची टोपी लागते आणि छत्री काही कामाची नाही. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन, त्या दिवशी दुकाने बंद. कॅनडा आणि आखातातल्या मुलांना जुलै-ऑगस्टशिवाय गत्यंतर नाही. तसे असेल तर जुलैचा पहिला पंधरवडा धरावा आणि गोव्यातल्या मुलांची आठवडाभर शाळा बुडवावी. ऑगस्ट टाळण्याचे कारण म्हणजे श्रावण. जहाजावरच्या माशांचे कौतुक ऐकून पैसे भरायचे आणि घरातल्या निम्म्या माणसांनी ते खायचे नाहीत, यात अर्थ नाही.

व्हिसाचे काम सहा महिने आधी सुरू करावे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज त्याआधी घेतच नाहीत. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज ज्या देशात रात्री जास्त त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथून शिरणार त्याच्याकडे. गोव्याच्या घरांत एकाच टेबलावर भारतीय, पोर्तुगीज आणि ब्रिटिश पासपोर्ट असतात, आणि नियम प्रत्येकाला वेगळे. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला शेंगेनमध्ये व्हिसा नको, पण इंग्लंडला जाताना ईटीए ही परवानगी लागते. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्या मुलाला शेंगेन व्हिसा लागतोच, आणि तिथल्या अपॉइंटमेंट उन्हाळ्याआधी भरतात. मध्ये स्कॉटलंड किंवा ग्वेर्नसी आले की शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा शिरावे लागते, तेव्हा 'मल्टिपल एन्ट्री' मागावी. पोर्तुगीज काळातल्या दाखल्यांवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे आणि पासपोर्टवर वेगळे, ही आपली जुनी अडचण. तिकीट पासपोर्टप्रमाणेच काढावे, अक्षर न् अक्षर. आईवडील बरोबर नसलेल्या नातवंडांसाठी दोघांचे संमतिपत्र घ्यावे. बहुतेक कंपन्या ६ महिन्यांखालचे बाळ आणि २४ आठवडे पूर्ण झालेली गरोदर स्त्री घेत नाहीत.

केबिनबद्दल. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी. सर्वांत पुढे नांगराचा खडखडाट. तलावाच्या खालच्या मजल्यावर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. नाट्यगृहाच्या वर रात्री ढोल. वयस्क जोडप्याला लिफ्टजवळ, पण अगदी समोर नको. तिसरा-चौथा बर्थ छतातून उतरतो आणि शिडीने चढावे लागते, तो नातवंडांचा. अशा तीन-चार जणांच्या केबिन लवकर संपतात, आणि कधी केबिन रिकामी असूनही विकत नाहीत, कारण त्या विभागाच्या जीवरक्षक नौकेतल्या जागांची संख्या ठरलेली असते. सोळाजणांनी म्हणूनच आठ-दहा महिने आधी आरक्षण करावे. साध्या केबिनचे दार चाकांच्या खुर्चीला अरुंद, न्हाणीघराला उंबरा. अपंगांसाठीची केबिन वेगळी असते आणि फार थोडी. जहाजावरची खुर्ची चढण्या-उतरण्यापुरतीच मिळते, चार दिवसांसाठी आपली न्यावी. बिनखिडकीची केबिन उत्तरेच्या उजेडात झोपेला चांगली, पण विसराळूपणा सुरू झालेल्या माणसाला तिथे दिवस-रात्र कळत नाही आणि घाबरायला होते. त्यांना खिडकीच द्यावी.

औषधे हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या जहाजांवर बॅग केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते. इन्सुलिनसाठी केबिनमधला फ्रिज भरवशाचा नाही, जहाजाच्या दवाखान्यात सांगावे. समुद्र लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डॉक्टर जहाजावर असतो, पण त्याचे बिल वेगळे येते आणि आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी तिथे उपयोगाची नसते. प्रवास विम्यात जुने आजार लिहून घेतले आहेत का आणि ऐंशीनंतर मर्यादा किती, हे पॉलिसीतच वाचावे.

शाकाहारी किंवा कांदा-लसूण नसलेले जेवण आरक्षणावेळी नोंदवावे आणि मग रोज रात्री उद्याचे जेवण हेड वेटरशी ठरवावे. ऐनवेळी सांगितले तर सॅलड आणि पास्ता येतो. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात पेढेही आले आणि तूपही. किटली, इस्त्री, भाताचा कुकर जहाजावर चढताना काढून घेतात. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही: निरांजन, कापूर, उदबत्ती काही नाही. आजोबांना ओवाळायचे असेल तर सुपाऱ्या, अक्षता आणि विजेवरचा दिवा न्यावा, आणि होम-शांत घरीच करून निघावे.

पैशांत वरून लागणारी मोठी रक्कम सेवा शुल्काची. अनेक अमेरिकी कंपन्या माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर घेतात. १७ धरले तर १६ माणसे, ४ रात्री, म्हणजे १,०८८ डॉलर. काही ब्रिटिश कंपन्यांत ते भाड्यातच असते, तेव्हा भाड्यांची तुलना करताना हे मिळवूनच करावी. आठ केबिन झाल्या की बऱ्याच कंपन्या गट मानतात आणि एखाद्या बर्थची सवलत देतात. एजंट ती आपण विचारल्याशिवाय सांगेलच असे नाही. सगळ्या आरक्षणांचे क्रमांक एकमेकांना जोडून घ्यावेत, तरच रात्रीच्या जेवणाची वेळ आणि शेजारची टेबले एक मिळतात. शिल्लक रक्कम साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावी लागते, आणि त्यानंतर रद्द केले तर कापतात. कोणाचा व्हिसा या तारखेपर्यंत हातात येणार नाही, हे अर्ज करतानाच पाहावे.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच. पर्यटन पानावर क्रूझची जाहिरात किंवा लेख घेताना चार गोष्टी छापाव्यात, अशी अट घालावी: प्रत्येक बंदराचे खरे नाव आणि शहरापासूनचे अंतर; तिथे धक्का की टेंडर; भारतीय पासपोर्टला लागणारे सगळे व्हिसा; आणि सेवा शुल्क व बंदर शुल्क धरून माणशी एकूण रक्कम. एवढी माहिती प्रत्येक कंपनीकडे तयार असते आणि चार ओळींत मावते.

आपले विश्वासू,
जहाजांवरील हॉटेल विभागातून निवृत्त झालेले काही वाचक,
वास्को